रेडिएशनने फायबर-मॅट्रिक्सची पकड घट्ट होते? झालीच, तर ते संकट आहे

‘अणुभट्टीतल्या रेडिएशनने सिरॅमिक कंपोझिटमधले फायबर (बारीक धागे) आणि मॅट्रिक्स (धाग्यांभोवतीचं भरण) एकमेकांना वेल्ड होतात, त्यामुळे मटेरियल वापरता वापरता आणखी मजबूत होतं,’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज फिरतोय. तो जसाच्या तसा भाचीच्या सेमिनारच्या स्लाइडवर उतरलेला दिसला, तेव्हा लिहिणं भाग पडलं.

‘पकड जितकी घट्ट, तितकं मटेरियल मजबूत.’ सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच. सिलिकॉन कार्बाइडचे फायबर सिलिकॉन कार्बाइडच्याच मॅट्रिक्समध्ये बसवायचे, म्हणजे ठिसूळात ठिसूळ. तरी हे मटेरियल काचेसारखं फुटत नाही, कारण दोघांच्या मध्ये साधारण १५० नॅनोमीटरचा पायरोलिटिक कार्बनचा (ग्रॅफाइटसारख्या कार्बनचा) थर मुद्दाम दिलेला असतो. मॅट्रिक्समधली भेग फायबरपर्यंत येते, त्या कमकुवत थरात वळते आणि फायबरच्या कडेने धावते. फायबर शाबूत राहून भेगेवर पुलासारखा ताणला जातो, घासत घासत बाहेर सरकतो आणि ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते. तुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहा: चांगल्या कंपोझिटच्या तोंडाशी फायबर ब्रशच्या केसांसारखे बाहेर आलेले दिसतात. पकड खरोखर वेल्डसारखी झाली, तर भेग फायबर कापून सरळ पुढे जाईल आणि तोंड सपाट दिसेल. पकड फारच ढिली झाली तर भार फायबरपर्यंत पोचतच नाही, तेही वाईट. मुळात ‘पकड’ ही एक गोष्ट नाही. पुश-आउट चाचणीत शंभरेक मायक्रॉनच्या चकतीतला, १२ मायक्रॉन व्यासाचा एकच फायबर सपाट टोकाने दाबतात. थर सुटायला लागणारा ताण वेगळा, सुटल्यावर सरकताना लागणारा वेगळा. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केलीय.

‘रेडिएशनने बंध तयार होतात.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. हाय-निकॅलॉन नावाचे सिलिकॉन कार्बाइड फायबर बनवताना पॉलिकार्बोसिलेन या पॉलिमरच्या धाग्यावर इलेक्ट्रॉन बीम सोडून क्रॉसलिंकिंग करतात, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडतात. पण ते पॉलिमरवर, भट्टीत भाजण्याआधी. तयार सिरॅमिकवर न्यूट्रॉन आदळले की अणू जागेवरून उडतात.

‘सगळे सिलिकॉन कार्बाइड फायबर सारखेच.’ अजिबात नाही. त्याआधीच्या जुन्या निकॅलॉन फायबरमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि घनता घन सेंटीमीटरला जेमतेम २.५५ ग्रॅम, शुद्ध सिलिकॉन कार्बाइडची ३.२. न्यूट्रॉनच्या माऱ्यात असा फायबर आकसतो आणि मॅट्रिक्स फुगतो, म्हणजे दोघं एकमेकांपासून सुटतात. वेल्डच्या बरोबर उलट! म्हणूनच हाय-निकॅलॉन टाइप एससारखे, ऑक्सिजन ०.२ टक्क्यांवर आणलेले, जवळजवळ शुद्ध फायबर वापरात आले.

‘नुकसान लवकर थांबतं, पुढे आयुष्य अमर्याद.’ सिलिकॉन कार्बाइडची फुगवण १ डीपीएच्या (म्हणजे प्रत्येक अणू सरासरी एकदा जागेवरून हलला) आसपास स्थिरावते, हे खरं: ३०० अंश सेल्सिअसला सुमारे २ टक्के, ८०० ला त्याहून बरीच कमी. पण मधला कार्बन स्थिरावत नाही. मारा वाढत गेला की तो स्वतःच्या अणूंच्या थरांना लंब दिशेत फुगतो आणि समांतर दिशेत आकसतो. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अणुभट्टीत अशी कंपोझिट ८०० अंशांवर ४० डीपीएपर्यंत टिकली होती. ३०० अंशांच्या आसपास ७० डीपीए ओलांडल्यावर मात्र ताकद घसरली आणि तुटणं ठिसूळ झालं. म्हणून स्लाइडवर फायबरचं नाव, थराची जाडी, तापमान आणि डीपीए हे चारही लिहिल्याशिवाय ‘टिकतं’ हा शब्द वापरू नये.

‘जेट इंजिनात बोरॉन नायट्राइडचा थर चालतो, मग इथेही चालेल.’ नैसर्गिक बोरॉनचा पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो. तो न्यूट्रॉन गिळून हेलियम आणि लिथियममध्ये फुटतो, तेही नेमकं त्या थरातच. शिवाय नायट्रोजनपासून किरणोत्सारी कार्बन-१४ तयार होतो. म्हणून जेट इंजिनातला थर अणुभट्टीत तसाच चालेल, असं धरून चालता येत नाही.