घरबसल्या ठोकलेले आकडे? : 'एक सोलापूरकर' यांना उत्तर

मागच्या लेखावर 'एक सोलापूरकर' अशा नावाने आलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. लगेच लिहिलं असतं तर शब्द जास्त गेले असते, म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं हिवाळी सायकल चॅलेंज १ डिसेंबर ते २५ जानेवारी, आठ आठवडे चालतं. २४ जण, सहा-सहाच्या चार टीम, ज्या टीमचे किलोमीटर जास्त ती जिंकली. टीम तुल्यबळ व्हाव्यात म्हणून कोण आठवड्याला साधारण किती चालवेल याचा आकडा मी आधी काढला आणि त्यावरून टीम पाडल्या. 'सोलापूरकर' म्हणतात, पावसाळ्यातल्या राइडवरून हिवाळ्याचा अंदाज बांधता येत नाही. कामावर जाण्या-येण्याचे किलोमीटर धरायला नको होते. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्याचा विचार केला नाही. तिसऱ्या टीमची बेरीज चुकली आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "हे घरबसल्या ठोकलेले आकडे आहेत, यात अंदाज कमी आणि ओळखपाळख जास्त."

बेरीज चुकली होती, हे खरं. तिसऱ्या टीमची ४०१ हवी होती, तक्त्यात ४११ पडली. दुरुस्त केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे.

आता ते वाक्य.

'ठोकळ' म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती. अंदाज ठोकळच असतो. पण 'ठोकलेले' म्हणजे थापा. दोन शब्दांतला फरक सोलापुरातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. आणि 'घरबसल्या'? अहो, अठरा जणांचे स्ट्राव्हावरचे (राइड नोंदवणारं मोबाइल ॲप) मागचे आठ आठवडे मी एकेक करून वहीत उतरवले. उरलेले सहा जण स्ट्राव्हा वापरत नाहीत, त्यांना जाऊन भेटलो. "आठवड्याला किती चालवता?" असं मी कुणालाच विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाला सगळे "शंभर तरी होतात की" म्हणतात. मी विचारलं, मागच्या रविवारी कुठवर गेला होतात, किती वाजता परतलात, मधल्या वारी सायकल किती दिवस बाहेर निघाली. शंभर म्हणणाऱ्या एका काकांचं अशा हिशेबाने हिप्परग्याच्या तलावापर्यंत दोनदा जाणं-येणं निघालं, म्हणजे चाळीसच्या आतबाहेर. ते रागावले नाहीत. त्यांनीच मला बसवून चहा पाजला आणि "चाळीसच लिही" म्हणाले.

सरासरीही मी डोळे झाकून घेतली नाही. उदाहरणादाखल एकाचे चारच आठवडे बघा: ३०, २५, ४०, १६५. शेवटच्या आठवड्यात त्याने पंढरपूर जाऊन-येऊन केलं होतं. सरासरी काढली तर ६५ येते, पण हा माणूस आठवड्याला ६५ चालवत नाही. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावून मधल्या दोघांचा मध्य, घेतला तर ३५ येतो, आणि त्याची रोजची सायकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना ३५ पटेल. मग चोवीसही आकडे उतरत्या क्रमाने लावले आणि नांगर तासाच्या टोकाला वळतो तसे वाटले: पहिल्यांदा एक-दोन-तीन-चार, मग चार-तीन-दोन-एक. चारही टीम ३९८ ते ४०७ च्या मध्ये आल्या. यात ओळखपाळख कुठे शिरली ते मला दाखवा. माझा स्वतःचा मध्यक शंभर येत होता, मी १२० धरला, म्हणजे माझ्या टीमला बाकीचे पाच जण हलके मिळाले. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण सांगत फिरायची गोष्ट वाटली नाही. आता सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं.

किलोमीटर मला कागदावरून कळलेले नाहीत. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते. घर ते कारखाना साडेपाच किलोमीटर. दिवसाला ११, सहा दिवसांचे ६६, आणि हे वर्षानुवर्षं, रात्रपाळी असो की दिवसपाळी. कॅरिअरला डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सायकलच्या साखळीत कापसाचा तूस तेलात भिजून काळ्या वातीसारखा अडकायचा, दर रविवारी तो काडेपेटीच्या काडीने कोरून काढायचं काम माझं होतं. १९९६ ला दहावी झाल्यावर दोन वर्षं मी पहाटे रेल्वे लाइन्स ते सात रस्ता पेपर टाकले. कुणाच्या पायात किती दम आहे हे मला पेडलवरचा पाय बघून कळतं. म्हणून कामावर जाण्याचे किलोमीटर मी धरले, आणि पुढच्या वर्षीही धरणार. आमच्यात दोघे आजही कारखान्यात सायकलनेच जातात. त्यांच्या ६०-६५ किलोमीटरना सायकलिंग म्हणायचं नाही आणि रविवारी हेल्मेट घालून केलेल्या तेवढ्याच अंतराला म्हणायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

पावसाळ्याचं म्हणाल, तर त्या आठ आठवड्यांत ऑक्टोबरही होता. शिवाय उसाचा हंगाम सुरू झाला की मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधारात मोहोळकडे निघणारे लोक उजाडायची वाट बघतात आणि त्यांचं अंतर घटतं. अशा चौघांचे आकडे मी कमी केले होते. तुळजापूरकडे निघालं की थंडीतला वारा तोंडावर येतो, हेही मला ठाऊक आहे, मी तामलवाडीहून परत फिरलो आहे. यापेक्षा जास्त त्या मुद्द्यात काही आहे असं वाटत नाही. गड्डा तर चारही टीमना आहे.

मला लागलं ते वेगळं. मुद्दे चार लिहिलेत, नाव मात्र लिहिलं नाहीत. चॅलेंजमधल्या चोवीसपैकीच तुम्ही एक असणार, कारण तिसऱ्या टीमची बेरीज बाहेरचा माणूस करून बघणार नाही. टीम जाहीर केल्या त्या सकाळी सगळे समोर उभे होते आणि मी दोनदा विचारलं होतं, कुणाला काही म्हणायचंय का. तेव्हा गप्प राहायचं आणि नंतर सगळ्यांसमोर माझ्या सचोटीवर बोट ठेवायचं, ही पद्धत मला आवडली नाही. टीका करा, पण माणसाने रात्री जागून केलेल्या कामाला थाप म्हणण्याआधी एक फोन करायचा असतो.

दोन आठवडे संपलेत. पहिल्या आणि शेवटच्या टीममध्ये ६२ किलोमीटरचं अंतर आहे, आणि मागे पडलेल्या टीममधल्या एकाचा गुडघा दुखावला आहे, तो अंदाजात धरता येत नव्हता.

रविवारी सकाळी सहाला आपण पार्क चौकात जमतो. वही घेऊन येतो. चोवीसही आकडे, खोडलेले, बदललेले, शेजारी कारण लिहिलेले, सगळे त्यात आहेत. तुमचा कुठला ते सांगा, त्याच पानावर बसून बोलू.