लॉकडाऊनची बॅच

परवा पोराच्या शाळेत पालकसभा होती. सहावीचा वर्ग. बाईंनी वह्या समोर ठेवल्या, "जोडाक्षरं बघा, वेलांट्या बघा," म्हणाल्या, आणि शेजारच्या सरांकडे बघून हसत म्हणाल्या, "काय करणार, लॉकडाऊनची बॅच आहे ही." सगळे पालक हसले. मीपण हसले. मग घरी येताना शेअर रिक्षात माझं डोकं तापत गेलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं जा.

मी शाळेचे गणवेश शिवते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतो, पण गणवेशाचाही इथं मोठा धंदा आहे आणि माझ्यासारख्या कितीतरी बाया घरी बसून नगावर शिवतात. मार्च ते जून आमचा सीझन. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांत, बाकी वर्षभर साड्यांना फॉल-पिको. मार्च २०२० मध्ये माझ्या घरात निळ्या हाफपँटचं साडेतीनशे नगांचं कटिंग येऊन पडलं होतं. मालकानं फोनवर सांगितलं, "शिवू नका, शाळाच उघडणार नाहीत तर घेणार कोण?" शाळा बंद म्हणजे बाकीच्यांना पोरं घरात. मला पोरंही घरात आणि मशीनही गप्प.

घर पूर्व भागात. दोन खोल्या, वर पत्रा, माणसं पाच. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. माग थांबले तसे तेही थांबले. सासूबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या, त्यांची विडी कारखान्याची ब्रँच बंद. थोरली दहावीला. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाणार होता. दोघांत दहा वर्षांचं अंतर, त्याची कारणं इथं सांगत बसत नाही.

थोरलीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. २२ ला जनता कर्फ्यू, संध्याकाळी गल्लीत थाळ्या वाजल्या, आणि ही बया घरात अक्षांश-रेखांश पाठ करत बसलेली. पेपर आधी पुढं ढकलला, एप्रिलमध्ये रद्दच झाला. २९ जुलैला निकाल लागला तेव्हा बाकीच्या विषयांची सरासरी काढून भूगोलाचे मार्क दिले होते. पेपर दिला असता तर एवढे पडले नसते, असं ती अजून स्वतःच सांगते. तिला कुणी लॉकडाऊनची बॅच म्हणत नाही, कारण ती पास होऊन पुढं गेली. बोलणी खायला धाकटा उरला.

सुरुवातीला आम्हाला वाटायचं, हे पुण्या-मुंबईचं दुखणं आहे. १२ एप्रिलला शहरात पहिला रुग्ण निघाला आणि मग गल्लीगल्लीच्या तोंडाला बांबू आडवे झाले. उन्हाळा सोलापूरचा. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि दारात उभं राहिलं की पोलीस शिट्टी मारतो. पाणी तेव्हाही चार दिवसांआड. ते आलं की रात्री दोनला का होईना सगळं घर उठायचं, पिंप, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मिस्टर त्या वर्षी पहिल्यांदा आमच्याबरोबर पाणी भरायला होते, एरवी रात्रपाळीला असायचे. दोन दिवस त्यांनी मला घागर कशी धरायची ते शिकवलं. तिसऱ्या वेळेला त्यांची पाठ धरली, मग गप बसले.

रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता, पाच जणांचा पंचवीस किलो. ज्वारी घरात होती. सासूबाई आणि मी आठवड्याच्या कडक भाकरी एकदाच करून ठेवायचो, गॅसही वाचायचा. भाजी मिळाली तर भाजी, नाहीतर शेंगाचटणी. "कोरोनात आम्ही घरी डालगोना कॉफी, केक, पाणीपुरी केली, काय छान दिवस होते, फॅमिली टाइम मिळाला," असं लोक लिहितात तेव्हा मी लाइक करते, खोटं कशाला सांगू. त्यांचे दिवस छान गेले असतील. फॅमिली आमच्याकडे कायमच एका खोलीत असते, तिला वेगळा टाइम लागत नाही.

आता धाकट्याचं. चटणीसाठी शेंगा फोडायचं काम त्याच्याकडे आणि सासूबाईंकडे होतं. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण विडीची जुडी पंचवीसची, त्यामुळे त्यांचा सगळा हिशोब पंचवीसचा. फोडलेल्या दाण्यांचे त्या पंचवीस-पंचवीसचे ढीग लावायच्या आणि बोट ठेवत म्हणायच्या, "पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, दोनशे." पोरानं मे महिन्यात ते उचललं. दोनचा पाढा यायच्या आधी त्याला पंचवीसचा पाढा आला, तोही पाऊणशे-सव्वाशेसकट. दुपारी सगळे घामानं निथळत पडलेले असायचे आणि हा दाराजवळ बसून हजारापर्यंत ढीग मोजायचा. दाणे कमी पडले की चिंचोके घ्यायचा.

अक्षरं त्याला मी शिकवली. पाटी घ्यायला दुकान उघडं नव्हतं. माझ्याकडे कापडावर खुणा करायचा पांढरा खडू होता आणि निळ्या कापडाची कतरण पोतंभर पडली होती. कटिंगच्या फळीवर कतरण ताणून धरायची, मी खडूनं 'ग' काढायचा, त्यानं वरून बोट फिरवायचं, मग स्वतः काढायचा. पुसायला हातानं दोनदा झटकलं की बास. 'ग' चांगला यायचा, 'ट' ही यायचा. 'क्ष' आणि 'ज्ञ' मलाच धड काढता येत नाहीत, त्यामुळे ते राहिले. म्हणजे बाई परवा जी जोडाक्षरं दाखवत होत्या, ती मुळात माझ्याकडूनच राहिलेली आहेत. हे मी सभेत बोलले नाही. लाज वाटली.

जुलैत शाळा मोबाइलवर सुरू झाली. तेव्हाच १६ ते २६ जुलै शहर पुन्हा पूर्ण बंद होतं, त्यामुळे मिस्टर घरी आणि त्यांचा मोबाइलही घरी. दहा दिवस बरे गेले. नंतर कारखाना सुरू झाला, मोबाइल त्यांच्याबरोबर जायला लागला. मग मशीनच्या खणातले साडेतीन हजार काढून एक जुना मोबाइल घेतला. त्यावर धाकट्याची पहिली, थोरलीचं अकरावीचं अॅडमिशन आणि माझी मास्कची ऑर्डर. हो, तोवर मास्क शिवायचं काम आलं होतं, नगाला फार नाही, पण आलं होतं. सकाळी दहाला खिडकीतून चांगला उजेड येतो, मी मशीन चालवायची. क्लासमध्ये बाई म्हणाल्या, "कुणाच्या तरी घरातून खडखड येतेय, आवाज बंद करा." मी पोराला माइक बंद करायला सांगितलं आणि माझं काम रात्रीवर नेलं. कॅमेरा तर मी आधीच बंद करायला लावला होता. दिवसाला दीड जीबी, त्यात थोरलीचे फॉर्म भरायचे, व्हिडिओनं सगळं नेट संपायचं.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन. तुमचा मुलगा एकदाही हजर नाही, काय करतो तो क्लासच्या वेळेला?

मी काही विचारलं नाही. भांडी घासत होते, तशाच ओल्या हातानं दोन लगावल्या. सासूबाई मध्ये पडल्या, "कशाला मारूलालीस लेकराला, रोज बसतंय की ते!" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागं उभी राहून बघितलं. बाई एकेकाचं नाव घेत होत्या. याचं नाव आलं. यानं पाठ ताठ केली, उजवा हात वर केला आणि मान हलवली. माइक बंद, कॅमेरा बंद. बाईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. यानं हात अजून उंच केला. मग बाई पुढच्या नावाकडे गेल्या, आणि यानं हात खाली घेऊन वही उघडली.

तीन आठवडे तो रोज असा हजर होता.

बाईंना दोष देत नाही. त्यांच्या मोबाइलवर चाळीस काळे चौकोन, त्यांनी तरी काय ओळखायचं? त्यांच्याही घरात कुणीतरी दूध उतू घालवत असणार. पण त्या दिवसानंतर पोरानं क्लासला बसायचं नाव काढलं की तोंड पाडायला सुरुवात केली, आणि ते माझ्यामुळे झालं. ते तोंड मला आज सहावीतही कधीकधी दिसतं.

त्यापेक्षा टीव्ही बरा निघाला. २० जुलैपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीचं, नेट लागत नाही, हजेरी लागत नाही. सासूबाई पहिलीचा भाग बघायच्या, दुसरीचा बघायच्या, आठवीचासुद्धा. कपडे घडी करत करत. थोरली मध्ये मध्ये धाकट्याला समजावून सांगायची, बरीचशी ओरडून.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला आपल्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातलं निम्मं त्यांनी बाकीच्या स्पर्धकांना वाटलं. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणणारा माणूस. मला मनापासून अभिमान वाटला, स्टेटसला फोटो ठेवला होता. पण त्याच संध्याकाळी धाकट्यानं पुस्तकातल्या त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "मम्मी, याच्यात काय असतंय?" जुना मोबाइल तोवर कॅमेरा उघडला की बंद पडायला लागला होता. मी म्हणाले, "पप्पा आले की बघू." पप्पा रात्रपाळीला होते.

त्याहून मला जवळचं वाटलं ते सोलापुरातल्याच नीलमनगरचं काम. तिथल्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले. बाराखडी, पाढे, विज्ञानाच्या आकृत्या, इंग्रजी शब्द. सगळी विडी कामगार आणि मागावरच्या लोकांची वस्ती, मोबाइल कुणाकडे असणार? पोरं जाता येता भिंत वाचायची. माझी नणंद तिकडे राहते, २०२१ मध्ये धाकट्याला आठ दिवस तिच्याकडे पाठवला. परत आला तो गल्लीतल्या सगळ्या भिंतींवर काय काय नाही ते मला सांगायला लागला. आपल्या गल्लीत काहीच लिहिलेलं नाही म्हणून नाराज.

पहिली ते चौथीचे वर्ग भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. म्हणजे माझं पोरगं पहिलीच्या वर्गात एकदाही बसलं नाही, एकदम दुसरीच्या बाकावर. पहिलीचा गणवेश मी २०२० च्या मार्चमध्येच शिवून ठेवला होता, वाढत्या अंगाचा म्हणून आत दोन इंच कापड दाबून. ते सोडलं तरी पँट घोट्याच्या वर. नवीन शिवायला किती वेळ लागतो मला? अर्धा तास. पण जुना तसाच कोरा पिशवीत आहे, तो बोहारणीला द्यायला अजून हात होत नाही.

वर्गात गेला तर तिथं बाईंनी विचारलं, पंच्याहत्तर कसे लिहायचे. याला पंच्याहत्तर म्हणजे काय ते कळेना. शेजारच्या पोरानं वही दाखवली तेव्हा म्हणाला, "अच्छा, पाऊणशे होय!" वर्ग हसला. नंतर दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन', 'सत्तर पाच' असंही वाचायची पद्धत निघाली, म्हणजे त्याच्या डोक्यात एकाच आकड्याची तीन नावं. गोंधळला नाही. घरी येऊन आजीला म्हणाला, तुझं बरोबर आहे पण शाळेत चालत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. सहावीतल्या पोराला जोडाक्षरं येत नसतील तर ती शिकवा. दोन वर्षं हुकलीत, हे खोटं नाही, आणि ती सगळ्यांची सारखी हुकली नाहीत. ज्याच्या घरात वेगळी खोली आणि लॅपटॉप होता तोही त्याच बॅचचा, आणि माझाही. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं बसवा, मी डबा उशिरा खायला सांगते. नाहीतर कुठल्या पानापासून सुरू करायचं तेवढं सांगा, मीच 'क्ष' शिकते आधी. पण वर्गाला नाव ठेवून हसू नका. मी हसले त्याची मला जास्त लाज वाटतेय. माझ्या शेजारी बसलेल्या अक्का तेलुगूत पुटपुटल्या, त्या हसल्या नाहीत, मी मात्र हसले.

आणि हो, सभेत शेवटी सूचना होती. मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, सवय वाईट लागते. बरोबरच आहे. मीपण टाळ्या वाजवल्या.

आता थांबते. धाकटा मघापासून मागं उभा आहे, मोबाइल मागतोय. उद्याचा होमवर्क वर्गाच्या ग्रुपवर आलाय म्हणे.