गळा बेताचा, कान पक्का

अमेरिकन गायक आणि रेकॉर्ड निर्माता जिमी बोवेनचं नाव निघालं की रॉकाबिलीचे, म्हणजे कंट्री आणि रिदम अँड ब्लूजच्या मिश्रणातून आलेल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलचे, चाहते १९५७ मधलं त्याचं ‘आय’म स्टिकिन विथ यू’ लावतात आणि विषय तिथंच संपवतात. मला हे अजिबात पटत नाही. या माणसाचं खरं काम माइकसमोरून उठून स्टुडिओच्या काचेपलीकडे, निर्मात्याच्या खुर्चीत बसल्यावर सुरू झालं.

बोवेन आणि बडी नॉक्स, टेक्सासमधल्या कॉलेजातली पोरं ही. नॉक्स गायचा, बोवेन बास वाजवायचा. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला नॉर्मन पेटीचा स्टुडिओ होता. तिथं तासाचं भाडं नव्हतं, गाण्यामागे पैसे. म्हणून मनासारखं होईस्तोवर वाजवता यायचं. नॉक्सचं ‘पार्टी डॉल’ हेडफोन लावून ऐका. तो दबका ठेका कापूस कोंबलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवलाय! मूळ तबकडीच्या एका बाजूला नॉक्स, दुसऱ्या बाजूला बोवेन. नॉक्सचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

गायक म्हणून बोवेनचं पुढं फारसं जमलं नाही. मग तो लॉस एंजेलिसला, गायक फ्रँक सिनात्राच्या रिप्राइज या रेकॉर्ड कंपनीत निर्माता झाला. गायक डीन मार्टिनचं ‘एव्हरीबडी लव्हज समबडी’ त्यानं अर्नी फ्रीमनच्या संयोजनात, भरगच्च व्हायोलिन्स घालून केलं आणि ऑगस्ट १९६४ मध्ये त्या गाण्यानं बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. १९६६ मध्ये ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’च्या वेळी सूर वर चढतो तिथं सिनात्रा अडखळत होता. बोवेननं रेकॉर्डिंग थांबवलं, पुढचा सूर कानावर घालून तिथून पुन्हा गाऊन घेतलं आणि दोन्ही तुकडे जोडले. सिनात्राला थांबवायला छाती लागते.

मग स्वतःचं लेबल काढलं, एमोस रेकॉर्ड्स. धंदा म्हणून ते बुडालं, पण डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय हे दोघे वेगवेगळ्या बँडमधून तिथंच होते. पुढं त्यांचाच ईगल्स हा गाजलेला रॉक बँड झाला.

माझ्या लेखी मात्र सगळ्यात मोठं काम कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचं. १९८४ मध्ये तो एमसीए या रेकॉर्ड कंपनीच्या तिथल्या शाखेचा प्रमुख झाला. डिजिटल रेकॉर्डिंगचा हट्ट धरला, अल्बमवर जास्त पैसा ओतला आणि गायकांना थेट सहनिर्माते केलं. कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटचा १९८४ चा ‘डझ फोर्ट वर्थ एव्हर क्रॉस युअर माइंड’ बघा, निर्माते म्हणून दोघांची नावं आहेत. पुढच्याच वर्षी गायिका रीबा मॅकएंटायरलाही त्यानं तोच मान दिला. तोवर गाणी कोणती आणि ती कशी वाजणार, हे बहुतेक वेळा निर्माताच ठरवायचा.

माणूस मवाळ नव्हता. नव्या कंपनीत गेला की आधीच्या लोकांना सरसकट नारळ द्यायचा, आणि त्याचा राग नॅशव्हिलमध्ये अनेकांच्या मनात राहिला. तो रास्त आहे. वाढीव खर्च शेवटी गायकाच्याच रॉयल्टीतून वळता होतो, हा आक्षेपही खरा. पण स्वस्तात, घाईत उरकलेल्या अल्बमचे पैसेही गायकाच्याच खिशातून जायचे, आणि वर त्याला कुणी काही विचारतही नव्हतं. बोवेननं विचारलं.