लाल म्हणजे कुठला लाल?

आत्याच्या माळेत ५४ मणी होते. त्यातला एक देवघराच्या फरशीवर पडून फुटला आणि माझ्या दोन शनिवारांचं वाटोळं झालं.

"पुण्यात सगळं मिळतं म्हणतोस ना नेहमी? मग एक मणी आण," आत्या साताऱ्याहून फोनवर म्हणाली. "लाल अकीकाचा दगड आहे बरं का, काच नको. माझ्या आईची माळ आहे. नमुन्याला एक मणी पाठवतेय. रंग तेवढा नीट बघ."

रंग नीट बघ, हे कुणाला सांगावं? माझ्या लेखी लाल हा एकच रंग आहे. सिग्नलला असतो तो. डाळिंबी, विटकरी, शेंदरी, कुंकवी, राणी, अबोली ही सगळी मंडळी माझ्या घरात सुखानं नांदतात, पण माझी त्यांची ओळख नाही. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये बायको मला फक्त पिशव्या धरायला नेते, आणि तेही पायरीपर्यंत. पण आत्याला नाही म्हणायची हिंमत आमच्या घराण्यात कुणाची झालेली नाही. आत्येभावानं मणी आणून दिला. आत्यानं तो कागदाच्या पुडीत घालून, वर दोरा गुंडाळून पाठवला होता. छान गडद लाल होता. सिग्नलसारखाच.

शनिवारी सकाळी रविवार पेठेत मण्यांच्या दुकानात गेलो. दुकान बोळाएवढं, त्यात छतापासून जमिनीपर्यंत माळाच माळा. शेठनी माझा मणी तळहातावर घेतला, वजन केल्यासारखा झेलला, गालाला लावला. "गार लागतो. दगड आहे, काच नाही. काच लवकर गरम होते." मग भिंगातून बघत म्हणाले, "आत बुडबुडा पण नाही. माल चांगला आहे. विकायचाय?"

"नाही, असाच घ्यायचाय. एक."

एक मणी! शेठनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी वाण्याकडे तुरीच्या डाळीचा एक दाणा मागितला होता. तरी माणूस भला. पोऱ्याला हाक मारून त्यांनी सुट्या मण्यांचा डबा काढायला लावला. डबा उघडला आणि माझा लाल रंगावरचा विश्वास उडाला. त्यात दोनेकशे मणी होते, सगळे लाल, आणि एकासारखा दुसरा नाही.

"यात ओरिजिनल लाल कुठला?" मी विचारलं.

शेठ हसले. म्हणाले, लाल अकीक बहुतेक वेळा जन्माला लाल येतच नाही. गुजरातेत रतनपूरच्या बाजूला दगड निघतो तो पिवळट, मातकट. आधी तो उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आगीत भाजायचा. दगडातलं लोह तापलं की पिवळ्याचा लाल होतो. मग खंबातच्या कारागिरांकडे घासायला, भोकं पाडायला जातो. म्हणजे हुरड्यासारखंच प्रकरण. किती भाजलं, त्यावर रंग. शिवाय पट्टे दिसले तर तो अकीक, सगळा एकसारखा तांबूस असेल तर पुस्तकात त्याला कार्नेलियन म्हणतात. "पुस्तकात," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक दोघांनाही अकीकच म्हणतं."

"मग भाजलेला म्हणजे खोटा?"

"भाजलेला खोटा असेल तर तुमची भाकरी पण खोटी. खोटा म्हणजे रंगवलेला." रंगवलेल्या दगडात रंग भेगांमध्ये जास्त साठतो, उजेडासमोर धरला की भेगा शिरांसारख्या गडद दिसतात. आणि अख्ख्या माळेतले सगळे मणी जुळ्या भावांसारखे दिसले, तर आधी शंका घ्यायची.

हे भाजणं काही आजचं नाही. हडप्पाच्या लोकांनी बनवलेले लांबट लाल मणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये सापडलेत, आणि त्या थडग्यांना साडेचार हजार वर्षं झाली. तिथल्या एखाद्या राणीनं 'रंग जुळत नाही' म्हणून भाच्याला सिंधूपर्यंत परत पिटाळलं होतं का, ते कळायला मार्ग नाही. मला वाटतं, पिटाळलं असणार.

आता जुळवणी. दुकानात पिवळे दिवे होते. त्या उजेडात डब्यातला निम्मा माल आत्याच्या मण्याचा सख्खा भाऊ वाटत होता. "दगड दिवसाच्या उजेडात बघावा," शेठ म्हणाले. "पांढऱ्या कागदावर ठेवून." मी कागदावर सात मणी घेऊन पायरी उतरलो. शेठनी पोऱ्याला माझ्याबरोबर पाठवलं. मदतीला, असं ते म्हणाले.

बाहेर गणपतीचा मांडव. उत्सवाला दहा दिवस होते आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-पिवळं कापड ताणलेलं. त्यातून जो उजेड खाली येत होता, त्यात मणीच काय, पांढरा कागद, मी, पोऱ्या आणि समोर बसलेलं कुत्रं, सगळेच लाल अकीक झालो होतो. आम्ही मांडवाबाहेर जायला निघालो. मी दोन्ही हातांनी कागद पंचारतीच्या ताटासारखा धरलेला, मागून पोऱ्या. रस्त्यावर पोचलो तर ढग आले. ढग गेले तर टेम्पो आला. शेवटी एका बंद शटरपुढे पांढऱ्या उजेडाचा दोन फुटांचा तुकडा सापडला.

तिथे उभं राहिल्यावर लगेच समिती जमली. पुण्यात रस्त्याच्या कडेला खाली मान घालून काहीतरी निरखणाऱ्या माणसाला एकटं सोडत नाहीत. "तिसरा," भाजीची पिशवी घेतलेल्या काकू म्हणाल्या. "अहो, तिसरा विटकरी आहे, पाचवा घ्या," दुसऱ्या म्हणाल्या. एका आजोबांनी चष्मा पुसून सातही मणी पाहिले, "कितीला दिले?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून काही न बोलता निघून गेले. पोऱ्या म्हणाला, "सहावा." तो रोज हेच बघतो म्हणून मी सहावा घेतला. गडद, कुंकवासारखा, हुबेहूब.

घरी येऊन मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन तपासण्या राहिल्या होत्या. पहिली, काचेची. अकीक म्हणजे शेवटी गारगोटीच्याच कुळातला. दगडांच्या कठीणपणाचं एक ते दहाचं मोह्स नावाचं माप असतं, त्यावर तो साडेसहा-सातच्या घरात, साधी काच साडेपाचच्या आसपास. खऱ्या अकीकानं काचेवर चरा उमटतो. गुळगुळीत मण्यानं कुठला उमटायला, म्हणून मी भोकाची कड लावून जोर दिला. उमटला. मणी खरा निघाला. टीपॉयची काचही खरी निघाली, हे बायकोनं नंतर बराच वेळ सांगितलं.

दुसरी तपासणी नेलपॉलिश रिमूव्हरची. कापसाचा बोळा भिजवून मणी पुसायचा, हलका रंग असेल तर बोळ्याला लागतो. मी दोन्ही मणी पुसले. एका बोळ्याला काहीच लागलं नाही. दुसरा लालभडक! मी तडक शेठना फोन लावला आणि रविवार पेठेच्या सचोटीबद्दल दोन वाक्यं बोललोसुद्धा. तेवढ्यात बायकोनं बोळा उचलून बोटावर चोळला.

"हे कुंकू आहे," ती म्हणाली. "आणि हा तुझा मणी नाही. हा आत्यांचा आहे."

आत्यानं मणी देवघरातल्या कुंकवाच्या पुडीतच घालून पाठवला होता. पुसल्यावर तो गाजरासारखा नारिंगी, आरपार, उजेडात हसणारा निघाला. मी अर्धा दिवस उन्हात उभं राहून कुंकवाला मॅचिंग दगड शोधला होता.

पुढच्या शनिवारी शेठनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. फक्त पोऱ्याला म्हणाले, "साहेबांना कुंकू नसलेला डबा दे." या वेळी मी मणी घरी आणून उत्तरेच्या खिडकीत, पांढऱ्या कागदावर, सकाळी दहाला पाहिले. बायकोनं पाहिले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिले. तिघांचं एकमत झालं. आमच्या सोसायटीत हे पाण्याच्या टँकरवरही होत नाही.

मणी घेऊन मी साताऱ्याला गेलो. आत्यानं दोन्ही मणी तळहातावर घेतले आणि एक डोळा मिटला. तिचं उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वीच झालं होतं, डावा दिवाळीनंतर व्हायचा होता.

"जुळतोय," ती म्हणाली. मग दुसरा डोळा मिटून पाहिलं. "अगं बाई. हा तर गुलाबीकडे झुकतो."

"कुठल्या डोळ्यानं?"

"नव्या. जुन्यानं अगदी तोच आहे." ती थोडा वेळ आलटून पालटून डोळे मिटत बसली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेवटी तिनं सुई-दोरा मागवला.

"आजच ओवून टाकते," आत्या म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचं झालं की मग उगाच दिसेल."