‘ॲड्रॉइट’ म्हणजे नुसता निपुण नव्हे

नमस्कार,

‘ॲड्रॉइट’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या मजकुरावर तुमचे आक्षेप दोन आहेत. ‘ॲड्रॉइट’, ‘डेक्स्टरस’, ‘प्रोफिशियंट’ या तिन्ही इंग्रजी शब्दांना शब्दकोश ‘निपुण’ म्हणतो, मग मी उगाच कीस का पाडला, हा पहिला. आणि ‘ॲड्रॉइट’चं मूळ उजव्या हातात आहे असं मीच लिहिलं होतं, तर तो शब्द बोलण्याला कसा लावला, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. उजवा हात आहे तो ‘डेक्स्टरस’मध्ये. लॅटिन ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा, आपल्या ‘दक्षिण’चा भाऊबंद. ‘ॲड्रॉइट’ इंग्रजीत आला तो 17व्या शतकात, फ्रेंचमधून. ‘आ द्रुआ’ म्हणजे रीतसर, जसं हवं तसं. त्यातल्या ‘द्रुआ’चं मूळ लॅटिन ‘डिरेक्टस’, म्हणजे सरळ. ‘उजवा’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मी दोघांना एकाच दावणीला बांधलं. मजकूर दुरुस्त केलाय, आभार.

पण मूळ हातात असतं तरी शब्द हातापुरताच राहिला असता, हे काही पटत नाही. ‘निष्णात’मध्ये ‘स्ना’ धातू आहे, अंघोळीचा. म्हणून निष्णात वकील कोर्टात ओलेत्याने उभा राहत नाही! ‘साहित्यदर्पण’ हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या विश्वनाथाने 14व्या शतकातच हा गुंता सोडवलाय: ‘गो’ शब्द ‘गम्’ म्हणजे जाणे यावरून साधला, तर निजलेल्या गाईला काय म्हणायचं? व्युत्पत्ती वेगळी, वापर वेगळा.

आता कीस. ‘प्रोफिशियंट’ हे शिकून, सरावाने येतं आणि मोजता येतं. केंब्रिजची 1913 साली सुरू झालेली इंग्रजीची परीक्षा ‘प्रोफिशियन्सी’च्या नावाने ओळखली जाते, ‘ॲड्रॉइटनेस’ची परीक्षा घेऊन दाखवा. तो गुण प्रसंग आला की दिसतो. समजा, बैठकीत दोघांचा शब्दाला शब्द लागलाय. दोघंही माघार घ्यायला तयार नाहीत. तेवढ्यात तिसरा सहज विचारतो, “मागच्या वेळी ही अडचण तुम्हीच सोडवली होती ना, कशी हो?” दोघंही मिळून सांगायला लागतात. भांडण कुठे मिटलं तेही कळत नाही. हा तिसरा ‘ॲड्रॉइट’. त्या विषयात तो ‘ढ’ असला तरी बिघडत नाही.

‘ॲड्रॉइट’ला मराठी प्रतिशब्द म्हणून तुम्ही सुचवलेला ‘चलाख’ मात्र मला नको वाटतो. त्याला लबाडीचा वास येतो, आणि ‘ॲड्रॉइट’ला तो मुळात नाही. (नेत्याबद्दल वापरला की किंचित येतो, पण तो दोष शब्दाचा नसावा.) क्रियाविशेषण हवं असेल तर मी ‘शिताफीने’ घेईन: “त्याने तो प्रश्न शिताफीने टोलवला.” तिथेही मूळ शोधायला जाल, तर फारसी ‘शिताब’ हाती लागेल, म्हणजे निव्वळ घाई.