पंपवाल्यांना विसरलात की!

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत पाणी भरल्यानं अडकलेल्या मुलांच्या सुटकेवरच्या तुमच्या लेखात सगळं श्रेय गुहेत पाण्याखाली पोहत गेलेल्या ब्रिटिश डायव्हर्सना दिलंय. २ जुलै २०१८ ला १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक त्यांनीच शोधले, मान्य. पण पाणी उपसणाऱ्यांचं काय? पंप रात्रंदिवस चालू होते, किर्लोस्करचे अभियंतेही मदतीला होते. उपसलेलं पाणी आसपासच्या भातखाचरांत शिरलं, रोपं बुडाली, तरी काही शेतकरी भरपाई नको म्हणाले! आणि ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड हॅरिस... पाण्याखालून बाहेर आणताना मुलं घाबरून धडपडू नयेत म्हणून त्यांनी चक्क भूल दिली. तोंडावर पूर्ण मास्क, हात मागे बांधलेले, वाटेत पुन्हा इंजेक्शन. नुसतं वाचतानाच माझा श्वास अडकला होता. हवेच्या टाक्या पोचवून परतताना थाई नौदलाचे माजी डायव्हर समन कुनान यांचा जीव गेला, त्यांचं तर नावही लेखात नाही.