एल्विसचा पश्चात्ताप आणि आत्याच्या माळ्यावरची गिटार

परवा सकाळी नगरहून आत्याचा फोन. "नातवाची गिटार माळ्यावर टाकली. मी पाठवलेलं वाचलंस का?" पाठवलेलं म्हणजे चर्चच्या मंडळीच्या तीन ग्रुपांवर आधीच फिरून आलेला तो फॉरवर्ड: अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली जन्मभर रॉक म्हणजे सैतानाचं संगीत गायला, शेवटी आजारपणात पस्तावला, मरणाच्या आदल्या रात्री रडत रडत 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट' हे भक्तिगीत लिहिलं, आणि रॉकने न दिलेला ग्रॅमी हा संगीताचा पुरस्कार देवाच्या गाण्यांनी दिला. तेव्हा मुलांना वेळीच आवरा.

आधी ती आदली रात्र. एल्विस गेला १६ ऑगस्ट १९७७ ला. हे गाणं त्याने नॅशव्हिलला रेकॉर्ड केलं मे १९६६ मध्ये आणि त्याच नावाची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आली १९६७ ला. आता 'लिहिलं'चं बघू. मूळ कविता कार्ल बोबर्ग या स्वीडिश माणसाची, १८८५ ची. इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइन या मिशनऱ्याचे. एल्विस जन्मला १९३५ ला! आत्या, तू इतकी वर्षं क्वायरमध्ये गातेस, गीताखाली कवीचं नाव छापलेलं असतं हे मी तुला सांगायचं?

शेवटी पस्तावला म्हणे. ४ डिसेंबर १९५६ ची टेप ऐका, कुठेही मिळते. त्याचं रॉक गाणं 'हार्टब्रेक हॉटेल' गाजलं तेच वर्ष. मेम्फिसच्या सन स्टुडिओत कार्ल पर्किन्सचं रेकॉर्डिंग होतं, पियानोवर जेरी ली लुईस, आणि एल्विस सहज डोकावला. टेप चालूच होती. ही रॉकवाली पोरं रिकाम्या वेळात काय गातात? 'जस्ट अ लिटल टॉक विथ जीझस', 'डाउन बाय द रिव्हरसाइड', सगळी देवाची गाणी. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची, मध्येच खिदळायचं. संडे स्कूलच्या सहलीची बस, दुसरं काही नाही. महिन्याभराने एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याचं कंबर हलवणं लोकांना खटकायचं म्हणून कॅमेऱ्याने एल्विसला कमरेच्या वरच दाखवलं, आणि त्याच रात्री तो 'पीस इन द व्हॅली' हे भक्तिगीत गायला.

त्या गाण्याचा कर्ता थॉमस डॉर्सी. गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीताचा, जनक म्हणतात त्या कृष्णवर्णीय माणसाला. हाच आधी 'जॉर्जिया टॉम' या नावाने चावट ब्लूज वाजवायचा. सैतानाचं आणि देवाचं संगीत वेगळं काढायला बसलात तर याच्या पियानोचं काय करणार?

ग्रॅमीचं खरं आहे, मान्य. स्पर्धेतले तिन्ही ग्रॅमी भक्तिगीतांचेच. शेवटी औषधाच्या गोळ्यांनी एल्विसची तब्येत पार गेली होती, तेही खरं. पण त्याने रॉक सोडलं कधी? 'ही टच्ड मी' हा गॉस्पेल अल्बम १९७२ चा, 'बर्निंग लव्ह' हे रॉक गाणंही १९७२ चंच.

राहता राहिली गिटार. त्याच्या जन्मगावी, टुपेलोत, अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास एल्विसला पहिली गिटार मिळाली. तिच्यावर कॉर्ड्स धरायला ज्यांनी शिकवलं त्यांत त्याच्या चर्चचे पाळकसाहेब होते, फ्रँक स्मिथ.

तेव्हा आत्या, ती आजच खाली काढ. तुमच्या माळ्यावर पत्रा आहे, उन्हाने गिटारची मान वाकते.